अंदमानचं म्हणून चितळ छापलंत, त्याबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अंदमानवर पानभर लेख होता. फेरी कुठून सुटते, स्कूबा कुठे करायचं, सेल्युलर जेलचा लाइट अँड साउंड शो किती वाजता, सगळं व्यवस्थित दिलेलं, फोटोही मस्त. पण खाली एक मोठा फोटो चितळाचा आणि त्याखाली ओळ काय तर 'अंदमानचं समृद्ध वन्यजीवन'. तेवढ्यासाठी हे पत्र.

चितळ अंदमानचं नाहीच हो. ब्रिटिशांनी नेऊन सोडलं ते तिकडे. आता तिथे वाघ नाही, बिबट्या नाही, मूळचे मोठे प्राणी म्हणाल तर रानडुक्कर, म्हणजे चितळाला खाणारं कोणीच नाही, मग ते वाढतच गेलं, वर ते पोहतं पण चांगलं, त्यामुळे या बेटावरून त्या बेटावर असं करत बऱ्याच ठिकाणी पोचलं. आणि खातं काय, तर जंगलात मोठ्या झाडाखाली जी कोवळी रोपं येतात ती. म्हणजे म्हातारी झाडं उभी आहेत पण त्यांची पोरंबाळं वर यायच्या आधीच फस्त, असं झालंय काही बेटांवर. तुमचा फोटो बहुतेक रॉस आयलंडचा असणार (२०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप), तिथे चितळं अगदी अंगाशी येतात आणि मोरही फिरत असतात, तो मोरही बाहेरून आणलेलाच. खोटं कशाला बोलू, आम्हीसुद्धा पहिल्या दिवशी त्या चितळांना बिस्किटं घातली आणि फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले. नंतर कळलं तेव्हा लाज वाटली. बिस्किटं तर कुठल्याच प्राण्याला घालू नयेत, ते वेगळंच.

मी आणि माझी ताई गेलो होतो टूरबरोबर, फेब्रुवारीत. आमच्या टूरच्या प्रोग्रॅममध्ये चिडिया टापू होतं पण फक्त सनसेट पॉइंट म्हणून, बस जाते, चाळीस माणसं सूर्याकडे तोंड करून उभी राहतात, भजी खाऊन परत. नावातच चिडिया आहे पण चिडियेचं कोणी नावही काढलं नाही. ताई म्हणाली उद्या हॅवलॉक बेटावरचं जेट्स्की राहू दे, आपण रिक्षा करून सकाळी परत इथे येऊ. पोर्ट ब्लेअरपासून (आता श्री विजयपुरम म्हणायचं, रिक्षावाले अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात) पंचवीसेक किलोमीटर असेल. सहाला पोचलो आणि पुढचे तीन तास जे काही बघितलं ते अख्ख्या ट्रिपमध्ये नाही बघितलं.

पहिल्यांदा दिसला तो काळाकुट्ट सुतार, डोक्यावर लालभडक तुरा, आणि ठोकतो असा की वाटतं कोणी खरंच सुतारकाम काढलंय. अंदमान वूडपेकर, जगात फक्त तिथेच. मग भारद्वाज, पण आपल्यासारखा काळा नाही, डोकं आणि अंग फिकट तपकिरी, ताई म्हणाली धुवून धुवून रंग गेलेला भारद्वाज. मग टकाचोर, तोही तिथला वेगळा. कोतवाल, तोही वेगळा. म्हणजे नावं सगळी ओळखीची, पाटी तीच आणि माणूस दुसरा. एक स्थानिक दादा भेटले, रांचीवाले, म्हणजे त्यांच्या आजोबांना छोटा नागपूरकडून लाकूडतोडीसाठी आणलेलं, त्यांच्यासारखी बरीच कुटुंबं आहेत तिकडे. त्यांनी हाक मारून वरती एक मोठं कबुतर दाखवलं, अंग गडद राखाडी, डोकं फिकं, म्हणाले ये हमारा राज्यपक्षी. अंदमान वूड पिजन.

आणि इथेच माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आपला राज्यपक्षी कोण? हरियाल. तोही कबुतरच. हॉटेलवर येऊन मोबाईलवर बाकीचं शोधायला बसलो तर साम्यं निघतच गेली. आपलं राज्यफूल ताम्हण, त्यांचं राज्यफूल अंदमान पिन्मा, तर पिन्मा म्हणजे ताम्हणाच्याच वंशातलं झाड, लॅजरस्ट्रोमिया दोन्ही, जांभळट फुलं दोन्हीकडे. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, २०१५ साली जाहीर केलं आणि असं करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, तर त्यांचं अंदमान मॉर्मन. सख्खी चुलत भावंडं. नर तसाच काळाभोर आणि मागच्या पंखांवर निळसर पट्टा, लांबून बघितलं तर आपलंच वाटेल. मराठीत ब्लू मॉर्मनला राणी पाकोळी नाव दिलंय, पाकोळी हा शब्द आपण पक्ष्यालाही वापरतो आणि फुलपाखरालाही, हे मला फार आवडतं. २०२० मध्ये आपण राज्य कांदळवन वृक्षसुद्धा जाहीर केलाय, पांढरी चिप्पी, कितीजणांना माहीत आहे माहीत नाही, तर ती चिप्पीसुद्धा अंदमानच्या खाडीत उभी आहे.

त्यांचा राज्यवृक्ष पडौक. तो आपल्या राज्यवृक्षाचा, आंब्याचा कोणी नाही पण बिबळा नावाच्या झाडाचा भाऊ आहे, शेंग तशीच पापडासारखी गोल आणि मधे बी. पिवळी फुलं येतात, लाकूड लालसर आणि इतकं चांगलं की तेच त्याच्या मुळावर आलं. चाथम बेटावरची सॉ मिल (लाकूड कापायची गिरणी) १८८३ ची आहे, सेल्युलर जेलचं बांधकाम सुरू व्हायच्याही आधीची. १८९६ ते १९०६ जेल बांधायला लागली, त्याबद्दल आपण मराठी माणसं सगळं सांगू शकतो, कुठली कोठडी, कोलू कसा, भिंतीवर काय लिहिलं. बरोबरच आहे ते, जेलमध्ये गेल्यावर माझ्याही घशात आलं. पण त्याच सुमाराला बाहेर पडौक आणि गर्जनची हजारो झाडं कापून चाथमला जात होती, आणि ते पुढे स्वतंत्र भारतातही चालू राहिलं, २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने आदेश दिला तेव्हा कुठे त्याला मोठा ब्रेक लागला. टूरमध्ये चाथम दाखवतात, पण दुकानातल्या लाकडी वस्तू घ्यायला वीस मिनिटं, झालं.

झाडांचं अजून एक. किनाऱ्यावर चाललात तर पायाखाली मर्यादवेल, कोकणातली तीच. वर उंडी, तीही कोकणातली. गारंबीच्या हातभर शेंगा लोंबताना बघितल्या आणि ताईला लहानपण आठवलं. आपण सोसायटीत सावलीसाठी जो बदाम लावतो ना, मोठ्या पानांचा, तो तिथे समुद्राकाठी आपोआप उगवलेला आहे, कोणी लावलेला नाही. यातल्या बऱ्याच झाडांची फळं, बिया पाण्यावर तरंगतात, महिनोन्‌महिने, आणि लागतील त्या किनाऱ्याला रुजतात, म्हणून किनारा ओळखीचा वाटतो. पण आत जंगलात शिरलं की मामला बदलतो, तिथे आपली ओळख कमी आणि म्यानमारची जास्त, कारण ही बेटं म्हणजे म्यानमारच्या आराकान डोंगररांगेचीच समुद्रातली शेपटी आहे.

बाराटांग बेटावर सगळे जातात चुनखडीच्या गुहा बघायला. (वाटेत जारवा आदिवासींचं राखीव क्षेत्र लागतं, त्यांना बघायला म्हणून खिडकीला चिकटणारे लोक आमच्याही गाडीत होते, त्याबद्दल लिहायला बसलो तर वेगळं पत्र होईल.) तिथे संध्याकाळी पॅरट आयलंडला बोट नेतात, बेट छोटंसं, सगळं कांदळवन, आणि अंधार पडायच्या आत चारी बाजूंनी पोपटांचे थवे येऊन उतरतात, आवाज असा की बोलणं ऐकू येत नाही. नावाडी म्हणाला तेच पानं कुरतडून शेंडे सपाट ठेवतात.

अंदमानातल्या काही गुहांत पाकोळ्या आहेत (पक्षी बरं का, फुलपाखरू नाही), त्या लाळेने घरटं बांधतात आणि ते घरटं सूपसाठी परदेशात प्रचंड महाग जातं, म्हणून चोरी व्हायची. सालिम अली सेंटर आणि वनखात्याने संरक्षणाचं काम सुरू केलं त्यात पूर्वी घरटी काढणाऱ्यांनाच राखणदार नेमलं. ही स्टोरी कुठल्या पुरवणीत आलेली मी तरी वाचली नाही.

नारकोंडमला आपण जाऊ शकत नाही, पण माहीत तरी असावं. जेमतेम सात चौरस किलोमीटरचं बेट, शांत झालेला ज्वालामुखी, आणि त्यावर एक धनेश राहतो जो जगात दुसरीकडे कुठेच नाही. मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेते आणि नर बाहेरून फळं भरवतो, आपल्या धनेशासारखंच, फक्त यांना उडून जायला दुसरं जंगल नाही. तिथे रडार बसवायचा प्रस्ताव २०१२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने याच पक्ष्यासाठी नाकारला होता, तो विषय नंतर पुन्हा निघालाच. आणि खाली ग्रेट निकोबारला तर २०२२ मध्ये बंदर, विमानतळ, टाउनशिपला मंजुरी मिळाली, सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल जाणार. तिथे मेगापोड म्हणून कोंबडीएवढा पक्षी आहे, तो अंडी उबवत बसत नाही, माती आणि पालापाचोळ्याचा ढीग करून त्यात पुरतो, कुजण्याची ऊब पुरते, हा ढीग किनाऱ्यालगतच लागतो त्याला. आणि तुटणाऱ्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावायची ठरली ती कुठे, तर हरियाणात! मी सरकारविरोधी वगैरे नाही, देशाला बंदर पाहिजे असेलही, पण मेगापोडने हरियाणात जाऊन काय करायचं ते कोणीतरी सांगा.

तर विनंती एवढीच, दर हिवाळ्यात तुमचे वाचक हजारोंनी तिकडे जातात, पुढचा लेख काढाल तेव्हा एक चौकट द्या, पिन्मा, पडौक, अंदमान मॉर्मन, काळा सुतार, एवढ्या चारचे जरी फोटो दिलेत तरी चालेल, शेजारी ताम्हण, बिबळा आणि राणी पाकोळी ठेवा म्हणजे लोकांना लगेच लागेल. पहाटे चिडिया टापूला जायचं असेल तर रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेवावी लागते हेही लिहा, आमची एक सकाळ त्यात गेली. पत्र लांबलंय, हवं तर कापा, पण चितळाचा भाग कापू नका.

आपला,
एक नियमित वाचक

ता.क. घरात जुनी लालसर २० रुपयांची नोट असेल तर मागची बाजू बघा. ते माडांचं आणि समुद्राचं चित्र अंदमानचं आहे, माउंट हॅरिएट डोंगरावरून दिसतं ते. माझ्या पाकिटात एक होती, ती आता ताईने घेतली.