आभार तुलनेतून शिकवू नका

मा. संपादक,
स. न.

गेली २२ वर्षे मी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) संडे स्कूलमध्ये शिकवते. हंगामाचा सण, म्हणजे नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा चर्चचा सण, जवळ आला की मुलांचा पाठ ठरलेला असतो, देवाची उपकारस्तुती. याच पाठाबद्दल ख्रिस्ती पालकांशी आणि शिक्षकांशी मला थोडे बोलायचे आहे, म्हणून हे पत्र.

आपण मुलांना बहुधा असे शिकवतो : "ती रस्त्यावरची मुलं बघ, पायात चप्पलसुद्धा नाही. तुला देवाने सगळं दिलंय, आभार मान." मीही कित्येक वर्षे हेच सांगत आले. मग एकदा बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय वर्गात वाचताना परूश्याच्या, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाच्या, प्रार्थनेपाशी थबकले. मंदिरात उभा राहून तोही आभारच मानत होता. इतर माणसांसारखा मी नाही, याबद्दल. आणि प्रभूने नीतिमान ठरवले ते त्याला नव्हे, ऊर बडवणाऱ्या, पापी समजल्या जाणाऱ्या जकातदाराला. मी मुलांना परूश्याचीच प्रार्थना पाठ करून देत होते की काय, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

दुसरा धडा मला एका शेतकऱ्याच्या मुलाने दिला. त्या वर्षी काढणीच्या ऐन तोंडावर पाऊस झाला होता. सगळी मुले एकेक उपकार सांगत होती, हा गप्प. शेवटी म्हणाला, "टीचर, आमचा कांदा वावरातच सडला. मी काय सांगू?" मी घाईघाईने प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातले वचन ऐकवले : सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. पोराने मान खाली घातली. त्या उत्तराची मला अजून लाज वाटते. वचनात "सर्व स्थितीत" आहे. वाईट झाले त्याबद्दलच आभार माना, असे पौल म्हणत नाही. त्या मुलाला आधी हबक्कूक संदेष्ट्याचे पुस्तक वाचून दाखवायला हवे होते. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, असे सगळे नुकसान तो संदेष्टा एकेक करून मोजतो, काही लपवत नाही; आणि तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे म्हणतो. स्तोत्रसंहितेतही रडगाऱ्हाणी किती आहेत! देवापुढे रडायची मुभा ज्याला नाही, त्याचे आभार तोंडदेखलेच राहणार.

नगर जिल्ह्यात मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. खेड्यापाड्यांतल्या आमच्या मंडळ्या शेतमजुरांच्या आणि लहान शेतकऱ्यांच्या. माझ्या लहानपणी हंगामाच्या सणाला वेदीपुढे बाजरीची कणसे, भोपळे, अंडी, कोंबड्या येत आणि भक्तीनंतर त्यांचा लिलाव होई. मेथीची एक जुडी दोन्ही हातांत धरून मी पुढे गेले होते, ते अजून आठवते. आता पैशांचे पाकीट येते. तेही वडिलांच्या खिशातून निघून मुलाच्या हातात क्षणभर टेकते आणि पेटीत पडते. शहरातल्या घराने पाकीट देऊ नये असे मी म्हणत नाही, पण त्यात मुलाचे असे काय असते? गोव्यात राय गावी ५ ऑगस्टला कणसांच्या फेस्ताला (सणाला) आजही नव्या भाताची कणसे कापून आशीर्वादित करतात. डोळ्यांसमोरचे पीक आणि देव यांचा संबंध तिथल्या मुलाला वेगळा समजावून सांगावा लागत नसेल.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रथमफळांची, म्हणजे पहिल्या पिकाची, टोपली आणणाऱ्याला आधी स्वतःच्या पूर्वजांच्या हालांची हकिगत सांगायची असते, आणि मग लेवी (मंदिराची सेवा करणारे) व परदेशीय यांनाही आपल्या आनंदात सामील करून घ्यायचे असते. ज्या चप्पल नसलेल्या मुलाकडे आपण बोट दाखवतो, त्याची जागा त्या पंगतीत आहे.

म्हणून यंदा मी वर्गात उपकारांची यादी लिहून घेणार नाही. प्रत्येकाने आपल्या हाताने केलेली, पेरलेली किंवा खाऊच्या पैशांतून घेतलेली एक वस्तू आणायची, आणि ती वेदीपुढे ठेवण्याआधी ती ज्यांच्या कष्टातून आली त्यातल्या एकाचे नाव घेऊन प्रार्थना करायची. ज्याच्या घरी यंदा काही पिकले नाही, त्याने रिकामी टोपली आणली तरी चालेल. तीही वेदीपुढेच ठेवू. पालकांना एकच विनंती, त्या रविवारी मुलांच्या हातात पाकीट देऊ नका.

– एक संडे स्कूल शिक्षिका, अहिल्यानगर