रद्दीत घालण्याआधी एकदा विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून लागला की शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत खालच्या कपाटातलं सामान माळ्यावर चढतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की पुराचा इशारा, ४३ ला धोका, हे आकडे इथल्या पोरांनाही पाठ आहेत. यंदाही सगळ्यांत आधी वर गेली ती माझी पत्र्याची ट्रंक. तिच्यात ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनपटांच्या, मासिकांचे १५ अंक आहेत. २०१९ च्या ऑगस्टपर्यंत ते ४१ होते.

पहिला अंक मामाने आणला. १९९३ साली तो शिरोलीच्या एका कारखान्यातून प्रशिक्षणासाठी जपानला गेला होता, मी तेव्हा १३ वर्षांची. ‘वाचता येणार नाही, पण चित्रं बघ,’ म्हणत त्याने ‘अ‍ॅनिमेज’ हातात ठेवलं. तिकडे हे मासिक १९७८ पासून निघतं. रविवारी सकाळी दूरदर्शनवर आम्ही जे ‘जंगल बुक’ बघायचो तेही जपान्यांनीच काढलेलं, हे त्या दिवशी मामानेच सांगितलं. अंकात ॲनिमेचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकींची ‘नाउसिका’ क्रमशः चालू होती. १९८२ ला सुरू झालेली ती चित्रकथा १९९४ ला संपली. ती उजवीकडून डावीकडे बघायची असते, हे कळायलाच मला कितीतरी दिवस लागले.

पण मला चित्र शिकवलं ते मागच्या पानांवरच्या बारीक रेखाटनांनी. एकच मुलगी समोरून, बाजूने, पाठमोरी. नाकाची रेघ कुठे थांबते, मान वळली की कान किती सरकतो, सगळं तिथे होतं. त्या काळी पात्रं पारदर्शक शीटच्या मागल्या बाजूने रंगवायचे आणि ढग, झाडं, घरं कागदावर पोस्टर कलरने. पोस्टर कलर तर माझ्याकडेही होते, कॅमलच्या बाटल्या! त्यांच्यासारखं पावसाआधीचं आकाश जमवण्यात माझ्या दोन मे महिन्यांच्या सुट्ट्या गेल्या. आज शाळेत चित्रकला शिकवते, ती त्या आकाशाच्या जोरावर.

पुढे पुण्यात शिकताना फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत असे अंक सापडायचे, १० रुपयांना, कधी १५. मधलं पोस्टर बहुतेक वेळा कुणीतरी पिना उचकटून आधीच नेलेलं असे. शाबूत मिळालं की एसटीत कोल्हापूर येईपर्यंत अंक मांडीवरून हलत नसे.

२०१९ ला पाणी रात्रीत घरात शिरलं. ओसरल्यावर मी भिजलेले अंक गच्चीवर उन्हात पसरले, आणि तीच चूक झाली. गुळगुळीत आर्ट पेपरवर मातीचा लेप असतो. तो भिजला की चिकट होतो आणि वाळला की पानं एकजीव होतात. मी ब्लेडने एक पान सोडवायला गेले, तर एका चेहऱ्याचा डोळा समोरच्या पानावर निघून आला. २६ अंक तसेच विटेसारखे झाले. भिजलेले अंक वाळू न देता पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि मग सवडीने, जाणत्या माणसाकडून सोडवून घ्यायचे, हे मला फार उशिरा कळलं. पूरपट्ट्यातल्या घरांनी एवढं तरी लक्षात ठेवावं, म्हणून इथे लिहिते आहे.

उरलेले अंक एका वाचनालयाला द्यायला गेले, तर ‘मासिकं आम्ही वर्षअखेर रद्दीत काढतो, त्यात ही जपानी’ असं उत्तर मिळालं. बालभारतीने ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक इंटरनेटवर ठेवले, त्याचा मला फार आनंद झाला. पण बाबूराव पेंटरांच्या या गावात चित्रांची मासिकं, मग ती कुठल्याही भाषेतली असोत, हातात घेऊन बघता येतील असं एखादं कपाट हवं. पहिल्या मजल्यावर. कुठलं वाचनालय किंवा कलामहाविद्यालय तयार असेल, तर माझे १५ अंक मी स्वतः आणून देईन, मामाने दिलेल्यासकट.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका, शाहूपुरी, कोल्हापूर