प्रेमाला भाषा लागतेच

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत जपानी रोमान्स मांगांवर, म्हणजे तिथल्या कॉमिक्सवर, लेख आला ते बघून खूप बरं वाटलं, मराठी पेपरात या विषयावर कोणी चार ओळी लिहीत नाही, पण त्यात कर्णबधिर नायक-नायिकांबद्दल "या गोष्टी वाचल्या की कळतं प्रेमाला भाषा लागत नाही" असं जे वाक्य होतं ते मला अजिबात पटलं नाही, म्हणून हे पत्र. मी लहानपणापासून कानाला मशीन लावते, मला मुली आवडतात आणि मांगा तर शाळेत असल्यापासून वाचतेय. लेखात ज्या मांगांचं कौतुक होतं त्या नेमकं उलटं सांगतात हो. भाषा नसेल तर प्रेम पुढे सरकतच नाही.

'अ साइन ऑफ अफेक्शन'चंच बघा, २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२४ मध्ये त्याचा अॅनिमे, म्हणजे अॅनिमेटेड मालिकाही आली. त्यातल्या नायिकेला, युकीला, जन्मापासून ऐकू येत नाही, ती बधिरांच्या शाळेतून ऐकू येणाऱ्यांच्या कॉलेजात आलीय. नायक इत्सुओमी तिला भेटतो तेव्हा त्याला तिची भाषा येत नाही, तो ती तिच्याकडूनच शिकायला लागतो आणि खरा रोमान्स तिथे आहे. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो तिचा लहानपणचा मित्र ओउशी, कारण त्याला साइन लँग्वेज आधीपासून येते आणि तरीही तो तिला सारखं टोचून बोलतो, तुला एकटीला काय जमणार असा सूर लावतो. म्हणजे हात हलवता आले की माणूस आपोआप चांगला होत नाही, हे त्या मांगाने बरोबर पकडलंय. शिवाय मांगा म्हणजे स्थिर चित्रं, आणि साइन लँग्वेजचं अर्धं व्याकरण भुवया, ओठ आणि हाताच्या हालचालीत असतं, ते एका चौकटीत कसं बसवणार? तरीही ते हात बघा, प्रत्येक बोट कुठे वळलंय ते दिसतं, नुसते हवेत सुंदर हात काढून वेळ मारून नेलेली नाही.

'अ सायलेंट व्हॉइस'मध्ये (२०१३-१४, ७ खंड) शेवटाकडे एक अख्खं प्रकरण बधिर नायिका शोकोच्या बाजूने येतं आणि त्यात सगळ्यांच्या संवादाच्या फुग्यांमधली अक्षरं तुटकी, अर्धवट छापली आहेत. वाचताना डोळे ताणावे लागतात, अंदाज करावा लागतो, मध्येच वाटतं जाऊ दे पुढे जाऊ. मशीन लावूनसुद्धा गर्दीत मला असंच ऐकू येतं. ओठ वाचणं म्हणजे जादू नाही, जपानीत तामागो म्हणजे अंडं आणि ताबाको म्हणजे तंबाखू, ओठांवर दोन्ही सारखेच दिसतात, बाकीचं संदर्भावरून भरून काढायचं आणि संध्याकाळपर्यंत डोकं भणभणायला लागतं. ही मूळ गोष्ट मासिकात छापण्याआधी जपानच्या बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेला दाखवली होती, ते योग्यच केलं, फक्त माझी एक तक्रार आहे की ती शेवटी शोकोला शाळेत त्रास देणाऱ्या मुलाच्या पश्चात्तापाची गोष्ट जास्त होते आणि शोको बराच काळ सॉरी म्हणत राहते.

आता माझी सगळ्यात लाडकी, जी तुमच्या लेखात नव्हतीच! युकी फुमिनो यांची 'आय हिअर द सनस्पॉट'. कोहेई आणि ताइची या कॉलेजातल्या दोन मुलांची गोष्ट, २०१४ मध्ये पहिलं पुस्तक आलं, २०१७ मध्ये सिनेमा, २०२४ मध्ये टीव्ही सिरीज. कोहेईचं ऐकणं शाळेत असताना गेलं, पण पूर्ण नाही, आणि बोलणं शाबूत आहे, म्हणून लोकांना वाटतं याला ऐकू येतं, हाच मुद्दाम दुर्लक्ष करतो, भाव खातो. हे 'मधलं' बहिरेपण कोणी दाखवत नाही, आणि आमच्यातले कितीतरी जण तिथेच असतात, लोक हसले की आपणही हसायचं, काय झालं विचारलं की "काही नाही गं, सोड". ताइची त्याच्यासाठी लेक्चरच्या नोट्स काढतो आणि बदल्यात त्याचा डबा खातो. दयेचा लवलेश नाही, सरळ व्यवहार. आणि तोच ताइची चिडून सांगतो की ऐकू न येणं हा तुझा दोष नाही, पुन्हा पुन्हा विचार ना. ते पान वाचून मी रडले होते. पुढच्या भागांत, आहे तेवढंही ऐकू येणं जाईल ही भीती आणि एक मुलगा आवडतो ही जाणीव दोन्ही एकाच माणसात राहतात, एक दुसऱ्याचं प्रतीक होत नाही, म्हणजे बहिरेपण हे 'न सांगता आलेल्या प्रेमा'साठी वापरलेलं नाही. मला तरी हीच त्या मांगाची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

कारण दुसऱ्याचं आयुष्य सजावटीला वापरायचा प्रश्न जुनाच आहे. १९९२ मध्ये जपानमधल्या एका गे कार्यकर्त्याने, मुलामुलांच्या प्रेमाच्या गोष्टी काढणाऱ्या-वाचणाऱ्या बायकांना विचारलं होतं की यात आम्ही खरे कुठे आहोत, आणि त्यावर काही वर्षं वाद चालला. बधिर वाचकांनीही तोच प्रश्न विचारायला हवा. या तिन्ही मांगांत एक जण बधिर आणि दुसरा ऐकू येणारा. दोघंही बधिर असतील, एकमेकांशी भरभर साइनमध्ये भांडतील, अशी जोडी कुठाय? दोन बधिर मुलींची मला हवीय. मग त्यात खरे प्रश्न येतील, जसं की आईला सांगायचंय मला मुलगी आवडते पण आईला साइन येत नाही, मग मध्ये दुभाषी बसवायचा का? बधिरांचं जग छोटं असतं, बातमी दुसऱ्या दिवशी सगळीकडे. किंवा हॉस्पिटल, जिथे पेशंटची भाषा येणारी एकमेव व्यक्ती तिची जोडीदार आहे आणि कागदोपत्री ती कोणीच नाही. तोक्योच्या शिबुया वॉर्डने २०१५ मध्ये समलिंगी जोडप्यांसाठी पार्टनरशिप सर्टिफिकेट सुरू केलं, साइन लँग्वेजसाठी देशाचा कायदा २०२५ मध्ये झाला, पण त्या सर्टिफिकेटने लग्नाचे हक्क मिळत नाहीत. रोमान्स मांगाला याहून जास्त काय मसाला हवा?

एक विनंती आहे, पुढच्या वेळी अशा मांगांवर लिहिताना 'मूक प्रेम', 'शब्दांविना' असली हेडिंग नका देऊ, यातली माणसं सतत बोलत असतात, हातांनी, मेसेजमधून, नोट्समधून. आणि छापायच्या आधी एखाद्या कर्णबधिर वाचकाला दाखवा, मी आनंदाने वाचून देईन. फक्त फोन नको, ईमेल करा.

आपली,
एक वाचक