दंतवैद्यांच्या मानेचा विचार कॉलेजातच व्हावा

संपादक महोदय,

माझ्या ओळखीच्या दंतवैद्यांत चाळिशी ओलांडलेला आणि मान, कंबर, खांदा यांपैकी काहीच दुखत नाही असा एखादाच सापडेल. वयोमान म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण इंटर्नशिप करणारी मुलेही हल्ली मानेला पट्टा लावलेली दिसतात.

वरची शेवटची दाढ नीट दिसावी म्हणून डॉक्टर मान पुढे काढतो, एका अंगाला कलतो आणि तसाच थांबतो. माणसाचे डोके साधारण 5 किलोचे. मान जितकी झुकेल तितका मानेच्या स्नायूंवरचा ताण वाढतो. रूट कॅनालमध्ये पाऊण तास असाच जातो. हालचाल नसल्याने आवळलेल्या स्नायूंना रक्त कमी पडते आणि रात्री मान धरते. स्केलिंगमध्ये, म्हणजे दातांवरचा कडक थर खरवडून काढताना, बारीक दांड्याचे हत्यार चिमटीत दाबून धरावे लागते. त्याची धार गेलेली असेल तर अंगठा आणि मनगट आणखी भरून येतात.

उपाय ठाऊक नाहीत असे नाही. पेशंटला आडवे करावे, त्याचे तोंड आपल्या कोपराच्या उंचीला आणावे, डोक्यामागे बसावे आणि वरचे दात आरशातून पाहावेत. पण आरशात बघून ड्रिल चालवताना हात उलटा जातो, ते अंगवळणी पडायला महिने लागतात. तेवढी सवड बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षांतच मिळते. तिथे मात्र भरलेली दाढ तपासली जाते, ती भरताना विद्यार्थी कसा बसला होता हे कोणी पाहत नाही. बसण्यावर व्याख्यान होते, पण ज्याला गुण नाहीत ते मुले मनावर घेत नाहीत. म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत बसण्याच्या पद्धतीलाही गुण असावेत, असे मला कळकळीने वाटते. पुढे महागडे लूप्स, म्हणजे चष्म्यासारखी डोळ्यांवर लावायची भिंगे, घेऊन हे भरून निघत नाही. त्यांच्या भिंगांचा कोन चुकला तर मान उलट जास्तच वाकते.

पुण्यात जागेचीही अडचण आहे. पेठेतला गाळा किंवा फ्लॅटमधली एक खोली आणि खुर्ची भिंतीला भिडलेली. मग डोक्यामागे बसणार कुठे? नव्याने दवाखाना थाटणाऱ्यांनी वेटिंगमधला एक सोफा कमी करावा, पण खुर्चीमागे स्टूल फिरेल एवढी जागा सोडावी.

वाचकांनाही एक विनंती. ‘आडवे नको, बसूनच करा’ असे पुष्कळ जण म्हणतात. दम लागत असेल, गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील तर ते रास्तच आहे, तसे डॉक्टरांना सांगा. एरवी ते म्हणतील तेवढे आडवे व्हा, मान वळवायला सांगितली की वळवा. आणि दोन पेशंटच्या मध्ये डॉक्टर खांदे मोकळे करत असतील, तर तेवढी पाच मिनिटे त्यांना द्या.

– एक दंतवैद्य, कोथरूड, पुणे