नदितू म्हणजे मुरळी नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

माळेगावची यात्रा जवळ आली की वाघ्या-मुरळीवर लेख येतात आणि ‘बॅबिलोनच्या देवळांतही वेश्या असत’ हे वाक्य त्यांत हमखास डोकावते. मुलगी देवाला सोडणाऱ्यांना त्यातून आयताच आधार मिळतो, म्हणून हे पत्र.

या समजाचे मूळ ग्रीक इतिहासकार हिरोडोटस. प्रत्येक बॅबिलोनी स्त्रीला आयुष्यात एकदा देवळात परक्या पुरुषाबरोबर जावे लागे, असे त्याने इ.स.पू. पाचव्या शतकात लिहिले. तिथल्याच मातीच्या पाट्यांवरच्या लेखांतून त्याला दुजोरा मिळालेला नाही.

बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याचे कायदे वेगळेच सांगतात. सिप्पार शहरात सूर्यदेव शमाशला वाहिलेल्या स्त्रिया, म्हणजे नदितू, खात्यापित्या घरच्या असत. त्या बंदिस्त वाड्यात राहत, जमिनी घेत, चांदी व्याजाने देत. मूल होऊ देण्याची मात्र त्यांना मनाई होती. कलम १७८ पाहा. बापाने स्त्रीधन दिले, पण ते हवे त्याला देण्याचा अधिकार पाटीवर लिहिला नाही, तर त्याच्या मृत्यूनंतर शेत आणि बाग भाऊ घेतात व तिला हिश्श्याच्या मानाने धान्य, तेल, लोकर देतात. त्यांनी हात आखडला, तर तिने शेत मर्जीतल्या कुळाला लावावे. विकता येत नाही. अधिकार लिहिलेला असेल, तर भावांचा दावाच चालत नाही. बहिणींकडून हक्कसोडपत्रे करून घेणाऱ्या आपल्या गावांना यातली मेख लगेच कळेल. शिवाय कलम ११० नुसार वाड्याबाहेर राहणारी नदितू गुत्त्यात शिरली तर तिला जाळण्याची शिक्षा होती. अशा स्त्रीला वेश्या कसे म्हणायचे?

वेश्येचे स्थान निराळे होते. हम्मुराबीच्या आधीचा राजा लिपित-इश्तार याच्या कायद्यात पत्नी निपुत्रिक असेल, तर रस्त्यावरच्या वेश्येचे मूल वारस ठरते. तिला धान्य, तेल, कपडे मिळतात. पण पत्नी हयात असेतो घरात जागा नाही. त्याच प्रदेशातल्या गिल्गमेशच्या महाकाव्यातही हीच ओढाताण दिसते. रानटी एन्किडूला भाकरी, बिअर आणि अंगावर वस्त्र देऊन माणसांत आणते ती शमहत ही वेश्या. मरणाच्या दारात तो तिलाच शाप देतो: चव्हाट्यावर, भिंतीच्या सावलीत तुझी जागा राहो. शमाश खडसावतो, तेव्हा तोच तिला आशीर्वाद देतो. पण या सगळ्यात शमहत पुजारीण म्हणून कुठेच येत नाही.

मुरळी म्हणून सोडलेली मुलगी गरिबाघरची. तिच्या नावावर ना शेत, ना चांदी. तिच्याविषयी लिहिताना बॅबिलोनऐवजी २००५ चा देवदासी प्रथाविरोधी कायदा छापावा. मुलगी देवाला सोडणे हा त्यानुसार गुन्हा आहे, हे यात्रेपूर्वीच्या अंकात ठळक यावे, ही विनंती.

आपले,
प्राचीन इतिहासाचे शिक्षक, अंबाजोगाई