बाई, तुम्ही मला योनादाब दाखवलात

प्रिय बाई,

ख्रिस्तात सलाम.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण गावाकडून पुण्याला शिकायला आलेली आपल्या मंडळीतली मुलं ते वाचतील. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. खोलीवरच्या तिघांबरोबर मोबाईलवर क्रिकेटच्या सामन्यांवर पैसे लावता लावता फीचे 18 हजार गेले. वडिलांनी कांदा विकून उभे केलेले पैसे. मित्रांनी तोडगा काढला, "घरी सांग, फी वाढली." मला तो पटलाही. गावी आलो ते हे खोटं बोलायलाच. उपासनेनंतर तुम्ही माझा चेहरा पाहिलात आणि चहाला बोलावलंत.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. वाटलं, आता 'कुसंगतीने नीती बिघडते' हे वचन ऐकावं लागणार. रविवारच्या शब्बाथ शाळेत तुम्हीच ते पाठ करून घेतलं होतंत. पण तुम्ही बायबलमधल्या 2 शमुवेलचा 13 वा अध्याय उघडलात आणि दावीद राजाचा मुलगा अम्नोन याच्या गोष्टीतल्या 'मित्र' या शब्दावर बोट ठेवलंत. तो मित्र म्हणजे योनादाब, दाविदाचा पुतण्या, मोठा धूर्त. त्यानेच अम्नोनाला शिकवलं : आजाराचं सोंग घे, बाप भेटायला येईल, मग सावत्र बहीण तामारेला पाठवायला सांग. त्या सल्ल्यापायी तामारेचं आयुष्य उद्ध्वस्त झालं आणि दोन वर्षांनी तिचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनाला ठार करवलं.

"आता पुढचं वाच," म्हणालात. सगळे राजपुत्र मारले गेले अशी आवई येते, तेव्हा हाच योनादाब राजाला समजावतो की सगळे नाहीत, एकटा अम्नोन मेला. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. वाट दाखवणाऱ्याच्या केसालाही धक्का लागलेला नव्हता.

"तुला हे शिकवणाऱ्यांपैकी तुझ्या बापासमोर कोण उभा राहील?"

मी गप्प बसलो. मग तुम्ही योनाथान सांगितलात. आधीच्या शौल राजाचा मुलगा, दावीद राजा झाला तर सगळ्यात जास्त नुकसान त्याचंच. तरी तो शौलाच्या भीतीने झीफच्या रानात लपलेल्या दाविदाकडे गेला आणि देवाच्या ठायी त्याचा हात बळकट करून आला.

तुम्ही मला खोली सोडायला सांगाल असं वाटलं होतं. उलट म्हणालात, प्रभू येशू लोकांनी पापी ठरवलेल्या जकातदारांच्या पंगतीला बसला, पण बारा शिष्य निवडण्याआधी अख्खी रात्र डोंगरावर प्रार्थनेत होता. "जेव सगळ्यांबरोबर. सल्ला कुणाचा घ्यायचा, ते गुडघे टेकून ठरव." त्या बारांत प्रभूला धरून देणारा यहूदाही होता की, मी विचारलं. तुम्ही थोडं थांबून म्हणालात, "होता. आणि धरून द्यायला आला तेव्हाही प्रभूने त्याला 'गड्या' म्हणूनच हाक मारली." त्या उत्तराशी मी अजून झगडतो.

वडिलांना खरं सांगायला माझ्याबरोबर कोण आलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेजारच्या खोलीतला तो वारकऱ्याच्या घरचा मुलगा. त्याने मला आधी दोनदा टोकलं होतं, तेव्हा आम्ही त्याला हसलो होतो. फोन करताच तो एसटीने आला आणि अंगणात माझ्या शेजारी उभा राहिला. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "त्या पोराला जेवायला वाढलं का?"

तो आपल्यातला नाही, अशी कुजबुज मंडळीत झाली, तेव्हाही तुम्हीच बोललात. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले होते तसे न घेतलेलेही होते, याची तुम्ही सगळ्यांना आठवण दिलीत. बाई, त्या एका वाक्याने माझा मित्र राखला.

संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात काम करून ते 18 हजार फेडले. शेवटचे दोन हजार मागच्या महिन्यात वडिलांच्या हातात दिले. नाताळला घरी येतोय. तोही येणार आहे, करंज्या जरा जास्त करा.

तुमचा शब्बाथ शाळेतला विद्यार्थी