बंद केलेला व्हर्नियरही सेल खातो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'सेल डुप्लिकेट निघाला' हे वाक्य आमच्या टूलरूममध्ये नेहमीचं. डिजिटल व्हर्नियरचे, म्हणजे जाडी-व्यास मोजायच्या साधनाचे, आकडे लुकलुकायला लागले की पहिला संशय सेलवर, दुसरा दुकानदारावर. बाजारात डुप्लिकेट माल नाही असं नाही, पण बहुतेक वेळा दोष व्हर्नियरचाच असतो.

स्वस्तातल्या व्हर्नियरचं 'ऑफ' बटण फक्त आकडे घालवतं. सरकता जॉ (मापाची वस्तू पकडणारा जबडा) कुठे आहे याची मोजणी आत चालूच राहते. म्हणून तर पुन्हा चालू केल्यावर शून्य जागेवर सापडतं. मल्टीमीटर लावून बघा. चालू असो वा बंद, अशा व्हर्नियरला १५-२० मायक्रोअँपिअर लागतातच. आता त्यात बसणाऱ्या एलआर ४४ या अल्कलाइन बटण सेलची क्षमता धरा साधारण १२० मिलीअँपिअर-तास. २० मायक्रोअँपिअरने ६,००० तास, म्हणजे २५० दिवसांत सेल संपला, तेही ड्रॉवरमध्ये नुसता पडून! प्रत्यक्षात तेवढेही मिळत नाहीत. अल्कलाइन सेलचा व्होल्टेज वापराबरोबर १.५ वरून उतरत जातो आणि सेलमध्ये जीव असतानाच व्हर्नियर नखरे करायला लागतो. त्याच मापाचा सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर ४४ मात्र १.५५ व्होल्ट जवळपास शेवटपर्यंत धरून ठेवतो. तो महाग पडतो, आणि मागितला तरी काउंटरवरून 'दोन्ही एकच' म्हणत एलआर हातात पडतो.

ॲब्सोल्यूट पद्धतीचे चांगले व्हर्नियर जॉची जागा दर वेळी नव्याने वाचतात, सतत मोजत बसत नाहीत. त्यांचा सेल वर्षानुवर्षं टिकतो. पण अप्रेंटिस पोराने त्या किमतीचा व्हर्नियर घ्यायचा कुठून?

म्हणून मागणी एवढीच: व्हर्नियरच्या खोक्यावर ०.०१ मि.मी.पर्यंत मोजतो असं ठळक छापता, तसंच बंद असताना किती करंट खातो तेही छापा. सेलच्या पाकिटावर अल्कलाइन की सिल्व्हर ऑक्साइड हे मराठी-हिंदीत लिहा. एल आणि एस या एका अक्षराच्या फरकावर गिऱ्हाइकाला सोडू नका.

तोवर सुट्टीला जाताना सेल काढून ठेवावा, सुट्ट्या नाण्यांत किंवा स्क्रूंत टाकू नये, शॉर्ट होतो. परत लावल्यावर जॉ पुसून, मिटवून आधी शून्य करून घ्यावं, नाहीतर अख्खा लॉट रिजेक्ट.

आपला,
एक टूलरूम कामगार
शिरोली, जि. कोल्हापूर